कावळा, फांदी आणि फ्यूज

तर्कशास्त्राचा तास म्हणजे डुलकीचा तास, असा आपल्या महाविद्यालयातील बहुसंख्य विद्यार्थ्यांचा समज आहे. गेल्या दिवाळीपर्यंत माझाही होता. तो बदलला तो ग्रंथालयात नव्हे, तर आमच्या अंगणात, गाडीच्या उघड्या बॉनेटपाशी.

बाबा भाड्याची गाडी चालवतात. दसऱ्याला मी हट्ट धरून त्या जुन्या गाडीत स्टीरिओ, ॲम्प्लिफायर आणि मागे भलामोठा स्पीकर बसवून घेतला. चार दिवस आळीभर मिरवलो. पुढे एका सोमवारी पहाटे पाच वाजता पेशंटला पुण्याच्या इस्पितळात न्यायचे भाडे दारात उभे आणि गाडी मुकी! स्टार्टर नुसता टकटक करी. दुसरी गाडी मिळेपर्यंत पाऊण तास गेला. त्या पेशंटचे पुढे काय झाले, हे विचारायचे धैर्य मला अजून झालेले नाही.

स्टीरिओ बसवणारा म्हणाला, "कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. बॅटरीच म्हातारी झालीय." उसने पैसे काढून नवी बॅटरी आणली. गाडी दोन दिवस उभी राहिली आणि तीही झोपली. भरीस भर म्हणून मोठ्या आवाजात फ्यूज उडू लागला, तेव्हा त्याने १५ ॲम्पियरचा काढून ३० चा घातला.

त्याच आठवड्यात सरांनी व्यतिरेक पद्धती शिकवली. जॉन स्टुअर्ट मिलने ती १८४३ साली मांडली. बाकी सारे तसेच ठेवून एकच गोष्ट काढून घ्यावी; तिच्याबरोबर परिणामही नाहीसा झाला, तर कारण तिथेच शोधावे. मी आयटीआयमधल्या मित्राकडून मल्टिमीटर आणला. चार्ज केलेली बॅटरी १२.६ व्होल्ट, इंजिन चालू असताना १४ च्या आसपास. म्हणजे बॅटरी निर्दोष आणि तिला चार्ज करणारा अल्टरनेटरही निर्दोष. मग सारे बंद करून, निगेटिव्ह तार सोडवून मीटर मध्ये जोडला. (अशा वेळी चावी फिरवू नये, मीटरचाच फ्यूज जातो.) निजलेल्या गाडीला एरवी ०.०५ ॲम्पियरहून कमी वीज पुरते. मीटर १ दाखवत होता. एकेक फ्यूज काढत गेलो. स्टीरिओचा काढताच आकडा ०.०२ वर आला!

ॲम्प्लिफायरला जागे करणारी निळी तार स्टीरिओच्या निळ्या तारेला जोडायची, ती सदैव वीज असणाऱ्या पिवळ्या तारेला पिळून ठेवली होती. ॲम्प्लिफायर रात्रंदिवस जागा. त्या शनिवारी संध्याकाळी सातपासून सोमवारी पहाटे पाचपर्यंत ३४ तास, सतत १ ॲम्पियर. आणि आमची बॅटरी ३५ ॲम्पियर-अवरची. फांदी कावळ्यानेच मोडली होती.

ॲम्प्लिफायरची सारी वीजही त्याच बारीक पिवळ्या तारेतून ओढली जात होती आणि तिचे वेष्टन मऊ पडले होते. फ्यूज हा यंत्राचा नव्हे, तारेचा राखणदार. तारेपेक्षा मोठा फ्यूज घातला, तर फ्यूजच्या आधी तार जळते आणि तिच्यासोबत गाडी. आम्ही बॅटरीपासून स्वतंत्र जाड तार टाकली, बॅटरीच्या अगदी जवळ तिला फ्यूज बसवला आणि जुन्या जागी १५ चा परत घातला.

आता मुद्द्याचे बोलतो. "आपण आर्ट्सवाले, आपल्याला तारांतले काय कळणार?" असे म्हणून मी दोनदा मान डोलावली आणि दोन्ही वेळा पैसे बाबांचे गेले. कारागिराला दोष देणे सोपे आहे, पण "कशावरून?" हा एक प्रश्न मी विचारला असता, तर नवी बॅटरी घ्यावीच लागली नसती. हा प्रश्न विचारायला विज्ञान शाखेचा दाखला लागत नाही. तो आपल्याच अभ्यासक्रमात आहे. आपण त्याला परीक्षेपुरता बांधून ठेवला आहे, एवढेच.

गाडी आता पहिल्या चावीला सुरू होते. स्टीरिओ अजून आहे. आवाज मात्र बाबा ठरवतात.