टायर बदला, पण ऐब लपवू नका

व्यापार-उद्योगाच्या पानावर मोटारीच्या टायरविषयी लिहावे, आणि तेही एका कापडवाल्याने, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु टायरच्या आत कापडच असते. पॉलिएस्टर, नायलॉन किंवा रेयॉनच्या दोऱ्यांचे कापड रबरात बसवून टायरचा सांगाडा तयार होतो. तेव्हा हा विषय माझ्या धंद्यापासून अगदीच दूरचा नाही.

निमित्त घडले ते भाच्याच्या मोटारीचे. आखातातून परतल्यावर त्याने दोन माणसांची एक वापरलेली परदेशी स्पोर्ट्स कार घेतली. काशीदच्या पुढे मुरुडकडे येताना चाक खड्ड्यात आपटले आणि हवा गेली. गाडीत स्टेपनी नव्हती. विकणाऱ्याने सांगितले होते, "हिचे टायर रन-फ्लॅट आहेत, स्टेपनीची गरजच नाही." प्रत्यक्षात त्याने दोन टायर साधे बसवले होते आणि त्याचा उच्चारही केला नव्हता. बसला तो नेमका साधाच टायर.

रन-फ्लॅट टायरच्या बाजूच्या भिंती जाड व कडक असतात. हवा गेली तरी गाडीचे वजन त्या भिंती काही काळ पेलतात. साधारणपणे ताशी 80 किलोमीटरच्या आत वेग ठेवून सुमारे 80 किलोमीटर जाता येते. अमेरिकेच्या शेवरले कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारला 1997 पासून असे टायर कंपनीकडूनच येऊ लागले आणि स्टेपनी गेली. बीएमडब्ल्यूच्या अनेक गाड्याही आपल्याकडे अशाच टायरवर विकल्या गेल्या.

सोय मोठी आहे, पण तिची किंमतही आहे. टायर महाग, वजनाला जड, आणि भिंत कडक असल्याने प्रत्येक खड्डा थेट कमरेला कळतो. जाड कॅनव्हासचा सदरा घालावा तसे ते आहे. शिवाय मुरुडहून अलिबाग सुमारे 50 किलोमीटर, म्हणजे तिथपर्यंत निभावेल. मुंबई मात्र रस्त्याने त्याहून बरीच दूर. त्या मापाचा टायर वाटेत मिळेलच असे नाही. म्हणून आपल्या भागात राहणाऱ्याने साधे ट्यूबलेस टायर घालावेत, असे माझे मत झाले आहे.

मात्र काही गोष्टी पाळाव्यात. चारही टायर एकदम बदलावेत. दोन असे, दोन तसे ठेवले तर वळणावर गाडीचा तोल बिघडतो. नव्या टायरची वजन पेलण्याची व वेगाची क्षमता कंपनीने सांगितल्यापेक्षा कमी नसावी. हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा चालू ठेवावी. जुलै 2020 मध्ये केंद्र सरकारने नियम बदलला. ट्यूबलेस टायर, ही यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असेल तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारीला स्टेपनीची सक्ती राहिली नाही. तेव्हा स्टेपनी ठेवायला जागा नसेल तर संच आणि हवेचा छोटा पंप गाडीत हवाच. वॉरंटी असेल तर कंपनीला आधी विचारून घ्यावे.

आता दोन शब्द पंक्चरच्या दुकानात बसणाऱ्या आपल्या भावांसाठी. 'पंक्चरवाला' म्हणून आपल्या समाजाला हिणवण्याची काहींना खोड आहे. हलाल कष्टात लाज कसली? लाज अर्धवट हुनराची वाटावी. 2020 मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट सुरू झाल्यापासून मुंबईच्या भारी मोटारी बोटीतून उतरून थेट आपल्या किनाऱ्यावर येतात. त्यांचे टायर लोखंडी पट्टीने उचकटले तर अलॉयची रिम आणि वॉल्व्हजवळचा सेन्सर दोन्ही तुटतात. त्याला टायर उतरवण्याचे यंत्र लागते. एकट्याला परवडत नसेल तर दोघा-तिघांनी भागीत घ्यावे.

छिद्र जमिनीला टेकणाऱ्या भागात आणि सहा मिलिमीटरपर्यंतचे असेल तर टायर उतरवून आतून मशरूम पॅच लावावा. बाहेरून खुपसलेली दोरी तात्पुरतीच समजावी. भिंतीला छेद असेल तर टायर बाद. आणि रन-फ्लॅट टायर हवेशिवाय चाललेला असेल, तर आतली भिंत भाजलेली असू शकते; बाहेरून ती धडधाकट दिसते. असा टायर दुरुस्त करून देऊ नका. गिऱ्हाईकाला खरे सांगा, शंभर-दोनशे रुपये गेले तरी चालतील. त्या टायरवर एखाद्याची बायकामुले बसणार आहेत.

आम्हा कापडवाल्यांना वडीलधाऱ्यांनी एकच तालीम दिली: ठाणात डाग असेल तर तो आधी उलगडून दाखवा, मग भाव सांगा. पुष्कळदा गिऱ्हाईक तो डाग पाहूनही माल घेते, आणि पुढच्या ईदला पुन्हा आपल्याच दुकानी येते. मोटार विकणाऱ्याने टायरच्या बाबतीत एवढेच केले असते, तर भाच्याने भाव थोडा पाडला असता, पण गाडी घेतली असती. आज तो त्या माणसाचे नाव प्रत्येकाला सांगत फिरतो. हवेचे माप असो की कापडाचे, ते पूर्ण द्यावे. रोजीतली बरकत त्यातच आहे.