म्हणे, दोन टॅब उघडू नका!

आईबाबांच्या व्हिसाचे अर्ज तुम्हीही भरले असतील. एका टॅबमध्ये आईचा, दुसऱ्यात बाबांचा. मी तेच केलं आणि बाबांच्या अर्जावर आईचा पासपोर्ट क्रमांक छापून आला. तक्रार केल्यावर उत्तर मिळालं, "दोन टॅब उघडू नका, असं लिहिलंय ना?"

ही सूचना नव्हे, चुकीची कबुली आहे. आणि असा कोड लिहिणाऱ्यांत आपलीच मंडळी पुष्कळ आहेत, म्हणून हे तुम्हालाच सांगतो.

टेम्प्लेटमधलं तात्पुरतं व्हेरिएबल पान तयार होईपर्यंत जगतं. सेशन व्हेरिएबल त्यानंतरही सर्व्हरवर राहतं. एचटीटीपीला आधीची विनंती आठवत नाही, म्हणून १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू मोंटुली यांनी कुकी आणली. कुकीतल्या खुणेवरून सर्व्हर तुमचं सेशन ओळखतो. पण कुकी ब्राउझरची असते, टॅबची नाही. 'चालू अर्ज' सेशनमध्ये ठेवला, की नंतर उघडलेला अर्ज आधीच्याची जागा घेतो. पहिल्या टॅबमध्ये दिसतात बाबा, सर्व्हरच्या लेखी असते आई.

"सेशनमध्ये टाकलं की कुठूनही मिळतं," असं समर्थन होतं. अहो, कुठूनही मिळतं म्हणजे कुठूनही बदलतं! शिवाय ते टिकतं तरी किती? पीएचपीत मूळ मुदत १४४० सेकंदांची, म्हणजे २४ मिनिटांची. त्यानंतर ती माहिती कचरा म्हणून काढली जाऊ शकते. बाबांचा जुना पासपोर्ट कपाटातून शोधून, फोनवर क्रमांक वाचून घ्यायला तेवढा वेळ पुरत नाही.

उपाय अवघड नाही. सेशनमध्ये फक्त 'हा माणूस कोण' एवढंच ठेवा. अर्धवट अर्ज डेटाबेसमध्ये जपा. कोणता अर्ज, ते पत्त्यात किंवा फॉर्ममध्ये पाठवा. तो अर्ज याच माणसाचा आहे का, हे दर विनंतीला तपासा आणि मगच तात्पुरत्या व्हेरिएबलमधून पानावर दाखवा. चार ओळी जास्त लिहाव्या लागतील, हे कबूल. पण त्या वाचवल्या की त्यांची किंमत सत्तरीतला कुणीतरी खिडकीसमोर उभा राहून मोजतो.

तेव्हा पुढच्या वेळी सहकाऱ्याचा कोड तपासताना सेशनमध्ये अर्ज दिसला, तर "चालतंय की" म्हणून पुढे जाऊ नका. दुसरा टॅब उघडून बघा.