पन्नास पैशांचे कार्ड आणि शिक्षकाची पात्रता

हिवाळी अधिवेशनासाठी सरकार नागपुरात आले की त्याच्यामागोमाग शिक्षकांचे मोर्चेही येतात. विनाअनुदानित शाळांतील शिक्षक, भरतीची वाट पाहत वयोमर्यादेच्या काठावर आलेले पदविकाधारक, तुटपुंज्या मानधनावर राबणारे शिक्षणसेवक या सर्वांच्या मागण्या वर्षानुवर्षे त्याच राहतात. बदलतात ती आश्वासने देणाऱ्या मंत्र्यांची नावे. मोर्चा कठड्यांपाशी अडवला जातो, निवेदन स्वीकारले जाते आणि रात्रीच्या गाडीने मोर्चेकरी आपापल्या गावी परततात. वृत्तपत्रांच्या लेखी शिक्षकांचा प्रश्न तेथे संपतो.

याच मोर्चेकऱ्यांपैकी काही जण आपल्या वर्गात एक निराळा उद्योग करीत असतात, त्याची बातमी होत नाही. टपाल कचेरीतून पोस्टकार्डांचा गठ्ठा आणावयाचा, दूरच्या एखाद्या शाळेतील शिक्षकाशी संधान बांधावयाचे आणि आपल्या मुलांकडून तेथील मुलांना पत्रे लिहून घ्यावयाची, एवढाच तो उद्योग. मोर्चा हा पोटाचा प्रश्न आणि पत्रे ही हौस, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत आहे. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, हे दोन्ही मिळून एकच प्रश्न आहे. आणि तो तसा मांडला जात नाही, तोवर शिक्षकांची चळवळ पगारवाढीच्या पलीकडे जाणार नाही.

पोस्टकार्ड या देशात १ जुलै १८७९ रोजी आले, तेव्हा त्याची किंमत पाव आणा होती. आज ते पन्नास पैशांना मिळते आणि त्यापायी टपाल खात्याला तोटाच सोसावा लागतो. तोट्यात चालणारी, पण गरिबाला श्रीमंताइतकीच जागा देणारी जी थोडी सार्वजनिक साधने उरली आहेत, त्यांपैकी हे एक. चाळीस मुलांच्या वर्गाला एका फेरीचा खर्च वीस रुपये येतो. त्यासाठी भ्रमणध्वनी लागत नाही, आंतरजालाची जोडणी लागत नाही. कंत्राटदाराच्या मुलाला आणि मोलकरणीच्या मुलीला तेवढीच चौकट मिळते व त्या चौकटीत स्वतःच्या हाताने, स्वतःच्या शब्दांत काही सांगावे लागते. ज्याला सांगावयाचे तो परीक्षक नसतो. त्याला आपले गाव ठाऊक नसते, म्हणून आपल्या गावाकडे प्रथमच डोळे उघडून पाहावे लागते. घराजवळच्या नाल्याचे पाणी कोठे जाते, संत्र्याचा बहर केव्हा धरतात, बाप कोणत्या कारखान्यात होता आणि तो का बंद पडला, हे प्रश्न पाठ्यपुस्तक विचारीत नाही. दूरचा मित्र विचारतो.

पत्ता लिहिणे हासुद्धा एक धडा असतो. १५ ऑगस्ट १९७२ पासून देशात सहा आकडी पिनकोड सुरू झाला. त्याची योजना टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे व्यासंगी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. त्यातील पहिला ४ हा आकडा महाराष्ट्राला गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांच्याशी एका विभागात बांधतो. १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या नागपूरच्या मुलाला इतिहासाचा हा दुवा त्या एका आकड्यातून उलगडून दाखविता येतो. नागपूरपासून हाकेच्या अंतरावरील सेवाग्रामचे मूळ नाव सेगाव. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावशी घोटाळा होऊन गांधीजींचे टपाल भलतीकडे जाऊ लागले, म्हणून १९४० साली ते नाव बदलले गेले. टपालाने गावाचे नाव घडविल्याचे हे उदाहरण आपल्याच अंगणातले आहे.

ही कल्पना परकी नाही आणि नवीही नाही. फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने या खेड्यातील शिक्षकाने १९२०च्या दशकात वर्गात छापखाना आणला आणि आपल्या डोंगराळ गावातील मुलांचा पत्रव्यवहार समुद्रकाठच्या ब्रिटनीतील मुलांशी जोडून दिला. फ्रेने डाव्या विचारांचा आणि शिक्षक संघटनेतला माणूस होता. अध्यापनाची नवी रीत आणि संघटना या दोन गोष्टी त्याने कधी वेगळ्या मानल्या नाहीत. इटलीत बार्बियाना या डोंगरवस्तीत लोरेंझो मिलानी या धर्मगुरूने नापास ठरलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा चालविली. १९६३ साली मारिओ लोदी या शिक्षकाच्या पियादेना येथील वर्गाशी त्या मुलांचा पत्रव्यवहार झाला. त्या पत्रांतून ती मुले सर्वांनी मिळून लिहावयास शिकली आणि १९६७ साली त्याच मुलांनी गरिबांना नापास करणाऱ्या शाळेवर जे सामुदायिक आरोपपत्र लिहिले, ते जगभर वाचले गेले.

आपल्याकडे साने गुरुजींनी अमळनेरच्या छात्रालयात मुलांसाठी हस्तलिखित दैनिक चालविले आणि पुढे आंतरभारतीचे स्वप्न मांडले. भारतातील भाषांनी एकमेकींच्या घरी जावे, हे त्या स्वप्नाचे सार होते. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेने हाताच्या कामातून शिक्षण हा विचार देशापुढे ठेवला, तोही याच परिसरात. इतका वारसा असलेल्या भूमीत एखादा शिक्षक मुलांकडून पत्रे लिहून घेतो, तेव्हा तो नवलाचे काही करीत नाही. तो आपल्या परंपरेचे देणे फेडतो.

राज्यसंस्थेलाही पोस्टकार्डाची ताकद कळते. डिसेंबर २०२१ मध्ये अमृतमहोत्सवानिमित्त ७५ लाख पोस्टकार्डांची मोहीम झाली. देशभरच्या विद्यार्थ्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहावे अशी योजना होती. कार्ड तेच, पण दिशा निराळी. एका मुलाने दुसऱ्या मुलाला लिहिलेल्या पत्राला उत्तर येते, त्या उत्तरात प्रश्न असतो आणि संवाद सुरू होतो. लाखो मुलांनी एकाच सत्ताधीशाला लिहिलेल्या पत्रांची फक्त मोजदाद होते. पहिल्यात नागरिक घडतो, दुसऱ्यात प्रजा. पत्रांची देवघेव आडवी असली पाहिजे, उभी नव्हे, हा मुद्दा आपल्या शिक्षक मित्रांनी कधी विसरू नये.

आता या शिक्षकाच्या पायाखालची जमीन पाहू. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला आणि त्यानंतर शिक्षक पात्रता परीक्षा अनिवार्य झाली. महाराष्ट्रात ती प्रथम डिसेंबर २०१३ मध्ये झाली. तत्पूर्वीच, मे २०१२ मध्ये, राज्याने शिक्षकभरती बंद केली होती. म्हणजे दार लावून घेऊन मग बाहेर उभ्या असलेल्यांची परीक्षा सुरू झाली. डिसेंबर २०१७ मध्ये अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी ही दुसरी पायरी आली, तिच्यामागोमाग पवित्र पोर्टल आले. ही चाचणी पुन्हा झाली ती २०२३ साली, म्हणजे पाच वर्षांहून अधिक काळाने, आणि त्यानंतर २०२५ साली. पदविका, पात्रता, अभियोग्यता अशा तिन्ही पायऱ्या चढून गेलेला तरुण अखेर शिक्षणसेवक होतो. २००० साली ही योजना आली तेव्हा प्राथमिक शिक्षणसेवकाला ३,००० रुपये मानधन होते. ते दीर्घकाळ ६,००० वर रखडले आणि २०२३ मध्ये १६,००० झाले. तीन वर्षे अशी काढल्यावर मग पूर्ण वेतन.

हे एवढ्यावर थांबत नाही. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयाने कमी पटाच्या शाळांतील पदे धोक्यात आली. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला, ऐन शिक्षकदिनी, अशा शाळांत १५,००० रुपयांवर कंत्राटी शिक्षक नेमण्याचा निर्णय निघाला. विरोध झाला आणि तो पुढे मागे घ्यावा लागला. पण सरकारची बुद्धी कोणत्या दिशेने चालते, ते त्यातून दिसून आले. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने सेवेतील जुन्या शिक्षकांनाही पात्रता परीक्षेच्या कक्षेत आणले. पाच वर्षांहून अधिक सेवा उरलेल्यांनी दोन वर्षांत उत्तीर्ण व्हावे, अन्यथा सेवा सोडावी. त्याहून कमी सेवा उरलेल्यांना पद राखता येईल, बढती मिळणार नाही. वीस वर्षे खडू झिजवलेला माणूस पुन्हा बहुपर्यायी प्रश्नांची तयारी करू लागला.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. परीक्षाच नको, असे म्हणणे सोपे आहे, पण ते समाजवादी म्हणणे नव्हे. गरिबाच्या मुलाला सुशिक्षित, प्रशिक्षित शिक्षक मिळाला पाहिजे, हा त्याचा हक्क आहे. श्रीमंत आपल्या मुलासाठी तो विकत घेतोच. शिवाय शिक्षणसम्राटांच्या संस्थांत नेमणुकीसाठी पैसे मोजावे लागत, जात आणि नाते पाहिले जाई, हे आपण विसरलेलो नाही. गुणवत्तेची समान कसोटी ही त्या बाजारावरील मर्यादा म्हणून आली, तिचे तेवढे श्रेय मान्य केले पाहिजे.

परंतु ही मर्यादा किती टिकली? डिसेंबर २०२१ मध्ये राज्याच्या परीक्षा परिषदेच्या आयुक्तालाच पात्रता परीक्षेतील गैरप्रकारात अटक झाली. २०१९-२० च्या परीक्षेत अपात्र असूनही पात्र ठरविले गेलेले उमेदवार सात हजारांहून अधिक निघाले. आणि २०२५ साली खुद्द नागपुरात बोगस शालार्थ क्रमांकांचे प्रकरण उघडकीस आले. शिक्षण उपसंचालक पदावरील अधिकाऱ्याला अटक झाली. वेतन मिळण्यासाठी लागणारा क्रमांकच खोटा, त्यावर वेतन मात्र खरे. प्रमाणपत्र दुर्मीळ केले आणि नोकरी त्याहून दुर्मीळ केली की दोहोंचा काळा बाजार होणारच. धान्याचा होतो तसाच हा. त्याचे खापर उमेदवारांच्या नीतिमत्तेवर फोडून टंचाई निर्माण करणाऱ्यांना मोकळे सोडता येणार नाही.

याहून खोल दोष असा की, ही कसोटी शिक्षकाचे काम पाहतच नाही. वर्षभर दोन गावांतील मुलांचा पत्रव्यवहार चालविणे, न लिहिणाऱ्या मुलाला लिहिते करणे, आलेले उत्तर सर्वांत वाचून त्यावर चर्चा घडविणे, याला कोणत्याही परीक्षेत एकही गुण नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. तंटे असलेल्या देशांतील मुलांना एकमेकांशी बोलते करणे हा त्यांच्या कामाचा एक भाग होता, आणि पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर शिक्षकांना वाटून दिली. लंडनहून गौरव झाल्यावर मंत्रालयाला अशा कामाचे कौतुक सुचते. जे हजारो शिक्षक पुरस्काराविना असेच काही करू पाहतात, त्यांच्या वाट्याला माहितीचे तक्ते आणि निवडणुकीच्या याद्या येतात.

आणि पत्राला वेळ लागतो. कार्ड जाणार, पोचणार, तिकडची मुले उत्तर लिहिणार, ते परत येणार, यात पंधरवडा सहज जातो. जूनमध्ये जोडलेले नाते एप्रिलपर्यंत टिकावयाचे, तर दोन्ही टोकांना तोच शिक्षक असावा लागतो. अकरा महिन्यांच्या करारावरचा शिक्षक कोणत्या भरवशावर हा शब्द देणार? समायोजनात मध्येच दुसऱ्या शाळेत गेलेल्या बाईंच्या मागे चाळीस मुले उत्तराची वाट पाहत राहतात. नोकरीची शाश्वती ही शिक्षकाची केवळ खासगी सोय नव्हे. ती मुलांच्या शिक्षणाची पूर्वअट आहे, हे पटवून देण्यास याहून साधे उदाहरण सापडणार नाही.

शिक्षक संघटनांनी मात्र हे उदाहरण कधी वापरले नाही. संघटना वेतनश्रेणीची भाषा बोलतात, प्रयोगशील शिक्षक मुलांची भाषा बोलतात, आणि दोघे एकमेकांकडे थोड्या संशयाने पाहतात. यांना राबावयाचे नाही असे एकाला वाटते, यांना लढावयाचे नाही असे दुसऱ्याला. या दुराव्याचा लाभ सरकारला होतो. शिक्षकांचा मोर्चा निघाला की पालक ‘पुन्हा पगारच मागत असतील’ म्हणून तोंड फिरवतात, कारण त्या पगाराचा आपल्या मुलीच्या वहीशी काय संबंध, हे त्यांना कोणी दाखविलेले नसते.

नागपुरात या कामाची निकड विशेष आहे. १७ मार्च २०२५ रोजी महाल, हंसापुरी भागात दंगल उसळली, संचारबंदी लागली. याच शहरात महापालिकेच्या मराठी, हिंदी आणि उर्दू माध्यमांच्या शाळा आहेत. एका शाळेची घंटा दुसऱ्या शाळेत ऐकू यावी, इतक्या जवळ राहणारी ही मुले एकमेकांना नावानेही ओळखत नाहीत. अफवा नेमकी या अनोळखीपणावर वाढते. त्याच वर्षी पहिलीपासून हिंदी लादण्याचे शासन निर्णय निघाले आणि जूनअखेर मागे घेतले गेले. सक्तीने जी भाषा घशाखाली उतरत नाही, ती मित्राच्या पत्रातून आपोआप येते. आंतरभारतीचा आरंभ काश्मीर-केरळपासूनच करावा असे नाही. महालातून मोमिनपुऱ्याला गेलेल्या कार्डापासूनही तो करता येईल. त्यानंतर गडचिरोली आणि मेळघाट आहेतच.

म्हणून कार्यकर्त्यांपुढे काम स्पष्ट आहे. प्रत्येक शाखेने आपल्या भागातील दोन शाळा जोडून द्याव्यात आणि कार्डांचा खर्च वर्गणीतून उचलावा. हे अनुदानासाठी थांबण्याजोगे काम नाही. मुलांची पत्रे त्यांचीच राहावीत. त्यांत आपल्या घोषणा घुसडू नयेत. याबरोबर मागण्याही नेमक्या हव्यात. रिक्त पदे कायम स्वरूपात भरावीत. पात्रता परीक्षा ठराविक काळाने, विनाशुल्क व्हावी. सेवेतील शिक्षकांना परीक्षेच्या तयारीसाठी वेतनासह रजा व प्रशिक्षण द्यावे. शिक्षकाचे मूल्यमापन करताना त्याचे वर्गातील काम पाहावे. शिक्षणसेवक ही पायरीच रद्द करावी.

पुढच्या हिवाळ्यात मोर्चा येईल, तेव्हा त्यात फलकांच्या जोडीला मुलांच्या शाळांची नावेही असावीत, आणि रस्त्याच्या कडेला पालक उभे असावेत. शिक्षक कोणत्या कामासाठी भाकरी मागतो आहे, हे त्यांना ठाऊक असेल, तर ते कडेला उभे राहणार नाहीत. मोर्चात चालू लागतील.