झिरो वायरमन

गावात लाईट गेली की पहिला फोन वीज कंपनीला जात नाही. तो गावातल्याच एका माणसाला जातो. हा माणूस कंपनीच्या पगारपत्रकावर नसतो, ठेकेदाराच्या हजेरीवर नसतो आणि ग्रामपंचायतीच्या कुठल्या रजिस्टरातही नसतो. एक पक्कड, एक टेस्टर, खिशात फ्यूजच्या तारेचं भेंडोळं आणि इतरांपेक्षा थोडी कमी भीती, एवढ्या भांडवलावर त्याचं सगळं चालतं. मराठवाड्यात, सोलापूरकडे, विदर्भातही लोक त्याला झिरो वायरमन म्हणतात. तोंडावर मात्र ‘वायरमन’ एवढंच. काम अडलेलं असताना झिरो कोण म्हणणार?

तो तयार कसा होतो ते बघण्यासारखं आहे. कंपनीच्या एका लाईनमनकडे तीन-चार गावं, त्यांच्या वाड्या-वस्त्या आणि शेतातल्या डीप्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, असतात. पावसाळ्यात एकाच रात्री चार ठिकाणी तार तुटते. शेतीला थ्री फेज मिळते आठ तास, तीही आठवड्याच्या पाळीनं कधी दिवसा, कधी रात्री. रात्री अकराला आलेली लाईट साडेअकराला डीपीवरच्या फ्यूजमुळे गेली, तर शेतकरी सकाळपर्यंत कसा थांबेल? त्याचा ऊस वाळतोय, शेजाऱ्याची मोटार चालू आहे आणि पाळी संपायला साडेसात तास उरलेत. मग वस्तीवरचं एखादं धीट पोरगं पुढं होतं. आधी फ्यूजचं किटकॅट काढून तार टाकतं. नंतर लांब बांबूनं डीओ, म्हणजे डीपीच्या वरच्या बाजूचा फ्यूज, पाडायला शिकतं. मग लाईनमनच्या मागं मोटारसायकलवर बसून फिरायला लागतं, खांबावर चढतं, तारा जोडणारा जंप बांधतं. दोन-तीन वर्षांत लाईनमन खाली उभा आणि हा वर, अशी वाटणी होऊन जाते. मोबदला म्हणजे डीपीवरच्या शेतकऱ्यांनी काढलेली वर्गणी, सुगीला पायलीभर ज्वारी, नाहीतर मोटार जोडून दिल्याचे शे-दोनशे रुपये.

आमच्या मामाच्या शेतावर जो येतो, त्याला मी एकदा विचारलं, “दादा, एवढं कुठं शिकलास?” तो म्हणाला, “शिकवलं कुणी नाही. दोनदा बसला, मग कळत गेलं.” बसला म्हणजे शॉक. मामा शेजारी उभे होते, त्यांनी त्याला चहा घ्यायला सांगितलं आणि विषय तिथंच संपला.

त्याचं ज्ञान खरं आहे, यात मला शंका नाही. कुठल्या डीपीवर कागदापेक्षा किती जास्त मोटारी आहेत, कुठल्या चोरीच्या आकड्यामुळे फेज उडतो, कुठला खांब पहिल्या वादळात वाकणार, हे त्याला तोंडपाठ असतं. उपविभागाच्या इंजिनिअरला ते संगणकात सापडणार नाही. पण त्याला जे माहीत नसतं, तेच जीव घेतं. अकरा केव्हीच्या लाईनवर हात लावण्याआधी उपकेंद्रातून परमिट घ्यायचं असतं. फीडर बंद झाल्याची खात्री करायची, लाईन तपासायची, काम करतो त्या जागेच्या दोन्ही बाजूंना ती अर्थ करायची आणि मगच चढायचं. परमिट परत केल्याशिवाय फीडर चालू करता येत नाही. ही सगळी शिस्त अधिकृत माणसांसाठी आहे. झिरो परमिट घेऊच शकत नाही, कारण उपकेंद्राच्या दृष्टीनं तो अस्तित्वातच नाही. त्याचं परमिट म्हणजे ओळखीच्या ऑपरेटरला केलेला फोन: “बंद कर, पाच मिनिटं.” त्या पाच मिनिटांत पाळी बदलली, किंवा कुणाच्या जनरेटरमधून उलटा करंट आला, की जिल्हा पानावर चार ओळींची बातमी येते. पुढं २००३ च्या वीज कायद्यानुसार विद्युत निरीक्षक चौकशी करतात. अनधिकृत व्यक्ती खांबावर चढली, असा शेरा पडला की भरपाईची वाट अवघड होऊन बसते.

आता या माणसाला अधिकृत करायचं ठरवलं, तर दारं किती आहेत? कागदावर पुष्कळ आहेत, आणि मला राग येतो तो इथंच.

पहिलं दार आयटीआयचं. देशात कारागीर प्रशिक्षण योजना १९५० पासून चालू आहे आणि महाराष्ट्रात चारशेहून अधिक सरकारी आयटीआय आहेत, अगदी तालुक्याच्या गावापर्यंत. वायरमन ट्रेडला आठवी पास चालतो. प्रवेशाला कमाल वयाची अटही नाही. म्हणजे बत्तीस वर्षांचा झिरो उद्या जाऊन बसू शकतो. फक्त दोन वर्षं, रोज, दिवसभर. बायको, दोन पोरं आणि म्हातारी आई असलेल्या माणसाला दोन वर्षं दिवसभर वर्गात बसा म्हणणं म्हणजे दार उघडं ठेवून उंबरा छातीइतका उंच करणं आहे. शिवाय जे काम तो दहा वर्षं करतोय, त्याची सुरुवात पुन्हा पक्कड कशी धरायची इथून.

दुसरं दार कमी लोकांना माहीत आहे. वर्गात न बसता, तीन वर्षांच्या अनुभवावर खासगी उमेदवार म्हणून आयटीआयची परीक्षा देता येते. ऐकायला हे याच माणसासाठी बनवल्यासारखं वाटतं. पण तो अनुभव लिहून देणारी नोंदणीकृत आस्थापना लागते. ज्याचा मालक अख्खं गाव, त्याला दाखला कुणी द्यायचा? लाईनमन देणार नाही, कारण दिला तर तोच निलंबित होईल. शेतकरी देतील, पण त्यांच्या सह्यांना आस्थापना म्हणत नाहीत.

तिसरं दार म्हणजे आरपीएल, येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना २०१५ साली सुरू झाली, तिच्यात ही कल्पना आली आणि गवंडी, सुतार, प्लंबर यांना थोडं प्रशिक्षण देऊन प्रमाणपत्रं वाटली गेली. कल्पना उत्तम होती, आजही आहे. पण प्रमाणपत्राची किंमत ते छापणारा ठरवत नाही, नोकरी देणारा ठरवतो. महावितरणनं २०२३ च्या अखेरीस विद्युत सहाय्यकांच्या पाच हजारांवर जागांची जाहिरात काढली. तिला दहावी आणि आयटीआय किंवा त्याच तोडीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम हवा होता, आणि वय सत्तावीसच्या आत. आरपीएलचा कागद तिथं चालत नाही. मग तो कुठं चालतो? बहुतेक वेळा घरातल्या भिंतीवर.

खरं तर विद्युत सहाय्यक ही एक नीट बांधलेली वाट आहे आणि तिचं कौतुकच करायला हवं. तीन वर्षं ठरावीक मानधनावर काम, मग तंत्रज्ञाच्या पदावर कायम, पुढं बढतीच्या पायऱ्या. पोरगं आयटीआयला घातलं तर शेवटी काय होईल, हे बापाला पहिल्या दिवशी सांगता येतं. अशा वाटा मोजक्याच. उलट २०२४ साली आलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना बघा. बारावीला सहा हजार, आयटीआय-पदविकेला आठ आणि पदवीधराला दहा हजार विद्यावेतन. आधी सहा महिने, मग वाढवून अकरा. पैसे वाईट नव्हते, पोरांना कार्यालयात बसायला मिळालं. मुदत संपल्यावर तीच पोरं कायम करा म्हणून आंदोलनाला बसली. त्यांची मागणी कायद्यात बसते की नाही हा वेगळा मुद्दा. पण योजना आखताना बाराव्या महिन्याचा विचार कुणी केला होता का, हे विचारायला हरकत नाही.

झिरो वायरमनच्या जवळ सरकार एकदाच आलं होतं. २०१६ मध्ये छोट्या गावांसाठी ग्राम विद्युत व्यवस्थापक नेमायचं ठरलं. ग्रामपंचायतीमार्फत, गावातलाच माणूस, मानधन गावातल्या वीजग्राहकांच्या संख्येशी जोडलेलं. फ्यूज टाकणं, छोट्या दुरुस्त्या, मीटरचं रीडिंग, बिलं वाटणं ही कामं. गावाला जे हवं होतं ते नेमकं हेच. पात्रता मात्र आयटीआय. म्हणजे काम करणारा बाहेर, आणि आयटीआय झालेला पोरगा तेवढ्या मानधनावर गावात कशाला थांबेल? तो केव्हाच चाकणला नाहीतर वाळूजला गेलेला असतो. नव्या सौर कामांचंही तेच. केंद्राच्या राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेचं ‘सूर्यमित्र’ प्रशिक्षण तीन महिन्यांचं, निवासी, फुकट. प्रवेश आयटीआयवाल्याला किंवा पदविकाधारकाला. इकडं शेताशेतात सौरपंप उभे राहताहेत, ते बिघडले की बोलावलं कुणाला जातं, हे वेगळं सांगायला नको.

शाळा सुटलेल्या माणसाला आत घेऊन मग शिकवायचं, हे आपल्याकडे कुणी केलंच नाही असं नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्तान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला गेले आणि विज्ञान आश्रम उभा केला. अमेरिकेत डॉक्टरेट केलेला माणूस दुष्काळी गावात जाऊन शाळेत नापास झालेल्या पोरांकडून वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम करून घेत होता, तेही खऱ्या गिऱ्हाइकासाठी. तिथला वर्षभराचा निवासी अभ्यासक्रम पुढं राष्ट्रीय मुक्त विद्यालयानं मान्य केला. पोरं आधी हातानं करायची, मग त्यामागचं गणित आणि विज्ञान समजून घ्यायची. कलबाग २००३ मध्ये गेले, आश्रम चालू आहे. चाळीस वर्षांत प्रत्येक जिल्ह्यात एक पाबळ व्हायला काय अडचण होती, हे कळत नाही. पैसा नव्हता असं म्हणता येणार नाही. कौशल्य विकासाच्या नावावर त्याहून कितीतरी जास्त खर्च झालाय.

एका निवृत्त इंजिनिअरांशी मी यावर बोललो. ते म्हणाले, “अहो, अनधिकृत माणसाला आपणच शिकवलं तर बेकायदा कामाला मान्यता दिल्यासारखं होईल.” त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. उद्या अपघात झाला तर सही करणारा अडकतो. पण शिकवलं नाही म्हणून तो खांबावर चढायचा थांबलाय का? मला वाटतं, त्याला लाईनवर चढवायचं प्रशिक्षण पहिल्या दिवशी द्यायचंच नाही. परमिटशिवाय का चढायचं नाही, हे आधी. डीपीच्या खालच्या बाजूची, घरातली आणि मोटारीची कामं नीट करायला शिकवावीत. वर्ग तालुक्याच्या आयटीआयच्याच कार्यशाळेत, संध्याकाळी आणि रविवारी. मशिनं तेव्हा रिकामीच असतात. ज्या दिवशी वर्ग, त्या दिवसाची मजुरी द्यावी. आणि शेवटी आरपीएलचा नव्हे, आयटीआयच्याच परीक्षेचा कागद. अनुभवाच्या दाखल्यावर ग्रामपंचायत आणि उपविभाग दोघांची सही चालेल, एवढा एक बदल नियमात हवा. ज्यांचं वय गेलंय त्यांना ग्राम विद्युत व्यवस्थापक करा, सौरपंपाच्या देखभालीचं काम द्या. वीस-बावीसच्या पोरांना विद्युत सहाय्यकाच्या रांगेत उभं राहू द्या.

प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली कौशल्य विकासाची समिती असते. तिच्या पुढच्या बैठकीत हा विषय निघाला तर कुणीतरी नक्की म्हणेल की आधी सर्वेक्षण करावं लागेल, एजन्सी नेमावी लागेल, निविदा काढावी लागेल. काहीही लागणार नाही. तालुक्यातल्या लाईनमनना एका खोलीत बसवा, कारवाई होणार नाही असा शब्द द्या आणि मोबाईल उघडायला सांगा. सगळे नंबर त्यात आहेत.