आटपाट नगराची उलटी बाजू

मराठीत उपहासगर्भ कल्पितप्रदेशाची परंपरा नाही, असे विधान आपल्या वर्गांतून वारंवार केले जाते. स्विफ्टचे 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' (1726), सॅम्युअल बटलरचे 'एरेव्हॉन' (1872) अशी नावे घेतली जातात आणि मराठीच्या रकान्यात शून्य मांडले जाते. हे विधान कादंबरीपुरते बरेचसे खरे आहे. साहित्यापुरते मात्र ते खरे नाही, असे मला वाटते.

मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेला यात्रा भरते. ती गुरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे, आणि तमाशाचे फड हाही तिचा एक भाग असतो. वगात एक राजा असतो, एक प्रधान असतो, नगरीला नाव असले तरी नकाशावर ती कोठेच नसते. व्रतकथांतील आटपाट नगराशी हिचे नाते उघड आहे. परंतु कहाणीतील नगर व्यवस्थेला दुजोरा देते, तर वगातील नगर तिची चेष्टा करते. राजा मूर्ख, प्रधान लबाड, आणि शहाणपण कोणाकडे, तर हवालदाराकडे किंवा कुंभाराकडे. कल्पित प्रदेशाचा उपहासासाठी केलेला वापर याहून वेगळा तो काय असतो?

फरक आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. स्विफ्टच्या लिलिपुटमध्ये दोरीवरच्या कसरतींवरून राजदरबारातील पदे मिळतात. त्यात इंग्लंडचे मंत्रिमंडळ ओळखण्याचे काम लेखक वाचकावर सोपवतो. वगात हे काम सोंगाड्या स्वतः करतो. राजाशी बोलता बोलता तो मध्येच गावच्या सरपंचावर घसरतो, कालच्या बातमीवर येतो आणि पुन्हा दरबारात शिरतो. कल्पित प्रदेशाची भिंत तो दर पाच मिनिटांनी पाडतो व पुन्हा उभी करतो. या रूपबंधाला मुद्रित संहिता अपुरी पडते, आणि संहितेवाचून चालत नाही अशा आपल्या समीक्षेला तो दिसत नाही. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'ची संहिता आपल्या हाती आहे. दादा कोंडके प्रयोगागणिक तिच्यात जी भर घालीत ती मात्र तिच्यात नाही.

तथापि वगाचे गोडवे गाऊन थांबणे हाही अप्रामाणिकपणा होईल. 'विच्छा'तील हवालदाराची इच्छा काय आहे? कोतवालपद. मैनावतीच्या मदतीने राजाच्या छपरी पलंगाच्या चोरीत कोतवालाला अडकवण्याचा डाव तो रचतो, तो अंदाधुंदी संपावी म्हणून नव्हे, आपली पाळी यावी म्हणून. येथे उपहास राज्यव्यवस्थेवरून मनुष्यस्वभावावर सरकतो आणि प्रेक्षक ज्याच्या बाजूने हसत असतो तोच उपहासाचा विषय होतो. सबनीसांना हे पूर्ण अभिप्रेत होते की नाही, हा प्रश्न मला गौण वाटतो. कलाकृतीत ते आहे.

दादू इंदुरीकरांनी गाजवलेल्या 'गाढवाचं लग्न'मध्ये याउलट माघार घेतलेली दिसते. सावळ्या कुंभाराच्या घरचे गाढव राजकन्येशी विवाहाचा आग्रह धरते, ही कल्पना स्फोटक आहे. उच्चनीचतेची सारी उतरंड तिने डळमळावी. परंतु गाढव मुळात शापित गंधर्व असते. म्हणजे राजकन्येच्या वराची जात अखेर वरचीच निघते आणि उतरंड जागच्या जागी राहते. (विनोदाच्या धबधब्यात हे आपल्या लक्षात येत नाही, हे इंदुरीकरांच्या अभिनयाचे यश, पण समीक्षकाच्या लक्षात यावे.)

स्विफ्ट अशी सुटका देत नाही. त्याच्या चौथ्या सफरीतील घोडे विवेकी आहेत आणि माणसासारखे दिसणारे याहू पशू आहेत. तेथील धनी घोडा गलिव्हरचे शरीर न्याहाळतो, नखे निरुपयोगी ठरवतो. म्हशाच्या बाजारात बैलाचे दात पाहून वय सांगणारा शेतकरी डोळ्यांपुढे आणावा आणि पाहणारा व पाहिला जाणारा यांची अदलाबदल करावी, म्हणजे या प्रकरणाची धार ग्रामीण महाविद्यालयातील विद्यार्थ्याला कोणत्याही टीपेवाचून कळेल. शेवटी घरी परतलेल्या गलिव्हरला बायकोमुलांचा वास सहन होत नाही आणि तो तबेल्यात घोड्यांशी बोलत बसतो. मानवजातीचा तिरस्कार करणाराही येथे हास्यास्पद ठरतो. बालवाङ्मय म्हणून आपण ज्या संक्षिप्त आवृत्त्या वाचल्या त्यांत बहुधा बुटक्यांचा आणि राक्षसांचा देश तेवढा उरतो. मूळ ग्रंथाशी आपला परिचय तेथेच अडला, हेही आपल्या 'परंपरा नाही' या विधानामागील एक कारण असावे.

मराठी ललित गद्यात कल्पित प्रदेश आला तो जी. ए. कुलकर्णी यांच्या 'रमलखुणा'त (1975). 'प्रवासी' आणि 'इस्किलार' यांतील भूमी अनामिक, दूरस्थ आहे. पण तेथे झुंज नियतीशी आहे. कोतवालाशी जी. एं.ना कर्तव्य नाही, तसे वगाला नियतीशी नाही. हे दोन्ही प्रश्न एकाच नगरीत विचारणारी मराठी कृती मला आठवत नाही, आणि ही उणीव मी मान्य करतो. मात्र तिची चर्चा करायची तर वग हा 'लोकसाहित्य' या वैकल्पिक प्रश्नपत्रिकेत आणि जी. ए. 'आधुनिक कथा' या अनिवार्य प्रश्नपत्रिकेत, ही वाटणी आधी मोडावी लागेल. म्हशाच्या यात्रेपासून काही मैलांवर राहणाऱ्या विद्यार्थ्याने तमाशावर प्रबंध लिहावा आणि त्यात गण, गवळण, बतावणी यांची केवळ वर्गवारी करावी, असे प्रबंध आपण पुष्कळ संमत केले आहेत. सोंगाड्या त्या रात्री कोणाला हसला, ही नोंद मला त्यांत फारशी आढळलेली नाही.