शिकार, पण कॅमेऱ्याने

मागच्या दिवाळीत ताईकडे भालकीला गेलो होतो. भाच्याने विचारलं, "मामा, रानमांजराची शिकार शिकायचीय. सुरुवात कुठून करू?"

म्हटलं, "बंदुकीने नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. मोबाईल घे आणि पहाटे उसाच्या बांधावर चल."

ओल्या मातीत गोल ठसे शोधायचे. नखं उमटली असतील तर बहुधा कुत्रा किंवा कोल्हा; मांजर चालताना नखं आत ओढून घेतं. लांब पाय, आखूड शेपटी, तिच्या टोकाकडे काळी वलयं दिसली की ओळख पटली. फोटो दुरूनच काढायचा, फ्लॅश बंद ठेवून. हा प्राणी मुख्यतः उंदरांवर जगतो, म्हणजे आपल्या तुरी-ज्वारीची राखणच करतो.

मग त्याला माझी चूकही सांगितली. सातवीत असताना ऊसतोडीत सापडलेलं पिल्लू मी 'अनाथ' समजून घरी आणलं. चार दिवसांत ते गेलं. आई बहुधा जवळच होती, गलबला थांबायची वाट बघत.

मित्रांनो, पिल्लं दिसली तर उचलू नका. तेवढा ऊस उभा ठेवा आणि वनखात्याला कळवा. रात्री आई येते.