पेशी जिवंत, पण काम बंद

विजेच्या तारेवर प्लॅस्टिकचे वेष्टन असते, तसे मेंदूतल्या पुष्कळ मज्जातंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते. वेष्टन असलेल्या जाड तंतूतून संदेश सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास वेगाने धावतो; वेष्टन नसलेल्या बारीक तंतूत हा वेग जेमतेम दोन मीटर. मेंदूत हे आवरण गुंडाळतात ग्लिया जातीच्या पेशी. अशी एकच पेशी चाळीस-पन्नास ठिकाणी आवरण पुरवू शकते. म्हणून ती बिघडली, की नुकसान एका जागी थांबत नाही.

१९५८ साली डॉक्टरांनी एका आजाराचे वर्णन केले. त्याचे नाव लांबलचक आहे, म्हणून त्याला ‘पीएमएल’ म्हणतात. प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाच्या मेंदूत जागोजागी मायलिन नाहीसे होते. बोलणे अडखळते, नजर जाते, एक बाजू लुळी पडते. १९६५ मध्ये अशा मेंदूत विषाणूचे कण दिसले. पण ते प्रयोगशाळेत वाढेनात. अखेर १९७१ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या बिली पॅजेट आणि ड्युअर्ड वॉकर यांच्या गटाने मानवी गर्भाच्या मेंदूतल्या ग्लिया पेशी काचपात्रात वाढवल्या आणि विषाणू त्यांत रुजला. रुग्णाच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडले ‘जेसी’. बहुतेक प्रौढांच्या शरीरात तो निमूटपणे राहत असतो, हे विशेष!

विषाणू पेशी फोडतो, म्हणून मायलिन जाते, हे खरेच. पण तेवढेच नाही. १९८६ मध्ये अमेरिकेत उंदरांच्या गर्भात या विषाणूचा फक्त एक तुकडा घातला गेला, ‘टी’ प्रथिन बनवणारा. जेसी विषाणू उंदरात वाढत नाही. तरीही काही पिल्ले थरथर कापू लागली. त्यांच्या मेंदूत मायलिन नीट तयारच झाले नव्हते. पुढे काचपात्रातल्या ग्लिया पेशींमध्येही दिसले, की ‘टी’ प्रथिन आले की मायलिनच्या प्रथिनाचे जनुक मंदावते. पेशी मेलेली नाही, पण आवरणाचा कच्चा मालच बाहेर पडत नाही.

असे का? ‘टी’ला विषाणूच्या प्रती काढायच्या असतात. त्यासाठी तो पेशीच्या जनुकांवर लगाम ठेवणारी प्रथिने पकडतो आणि पेशीला विभाजनाकडे ढकलतो. आवरण गुंडाळण्यात मुरलेल्या पेशीला हे मानवत नाही.

हा प्रश्न आता प्रयोगशाळेपुरता उरलेला नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसवरचे नॅटालिझुमॅब हे औषध पीएमएलचे रुग्ण आढळल्याने २००५ मध्ये मागे घेतले गेले आणि २००६ मध्ये कडक अटींवर परत आले. ते देताना आता रक्तात जेसीविरुद्धची प्रतिद्रव्ये तपासतात. या विषाणूला थेट मारणारे खात्रीचे औषध नाही. रुग्णाची प्रतिकारशक्ती परत आणणे हाच उपाय. असे औषध घेणाऱ्याचे बोलणे अडखळू लागले किंवा हातातली ताकद गेली, तर जुन्याच आजाराची उचल समजून घरी थांबू नये. एमआरआय लवकर झाला, तर औषध वेळीच थांबवता येते.